फिरत्या बिजागरीचा लॅपटॉप आणि लिनक्स: दोन ॲक्सेलरोमीटर मार्गी लावण्याच्या नोंदी

काम असे: ३६० अंशांत उलटणारा लॅपटॉप, लिनक्स कर्नल (यंत्रणेचा गाभा) ६.६, जीनोम डेस्कटॉप. स्क्रीनच्या आणि कीबोर्डच्या भागात एकेक ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजून यंत्र कसे धरले आहे ते सांगणारा सेन्सर. स्क्रीन आडवी-उभी केली तरी चित्र फिरत नाही, टॅब्लेटसारखा दुमडला तरी कीबोर्ड बंद होत नाही आणि कधी कधी लॅपटॉप म्हणून वापरतानाच कीबोर्ड मुका होतो. या तीन तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत. त्या एकच समजून हात घातला तर दिवस फुकट जातात.

फाइलींची आणि आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती, आणि त्यांतले आकडेही, रोमन लिपीत टाइप करायचे आहेत.

४ जून: सेन्सर कर्नलला दिसतो का

डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करण्याआधी तळापासून सुरुवात केली. चित्र फिरण्यासाठी एकामागे एक पाच गोष्टी चालाव्या लागतात: आयटूसी बसचा (चिपपर्यंत जाणाऱ्या मार्गाचा) ड्रायव्हर, सेन्सरचा ड्रायव्हर, कर्नलची आयआयओ व्यवस्था (सेन्सरचे आकडे पुरवणारी), आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी ही सेवा (आकड्यांवरून दिशा काढणारी; पुढे नुसती ‘प्रॉक्सी’) आणि शेवटी डेस्कटॉप. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

एसीपीआय म्हणजे फर्मवेअरने कर्नलला दिलेली उपकरणांची माहिती. /सिस/बस/एसीपीआय/डिव्हाइसेस या फोल्डरमध्ये दोन नोंदी सापडल्या: केआयओएक्स०१०ए आणि केआयओएक्स०२०ए. दोन्हींच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये १५, म्हणजे फर्मवेअरच्या मते दोन्ही उपकरणे हजर आणि चालू. ही कायोनिक्सच्या केएक्ससीजे९१००८ चिपची जोडी. ०१०ए स्क्रीनच्या भागात, ०२०ए कीबोर्डच्या भागात. दोन सेन्सर असतात ते बिजागरीचा कोन काढता यावा म्हणून.

ड्रायव्हर केएक्ससीजेके-१०१३. तो मॉड्यूल (कर्नलचा वेगळा लोड होणारा तुकडा) म्हणून लोड झालेला होता आणि आयटूसी उपकरणाच्या फोल्डरमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची लिंकही होती. ही लिंक नसेल तर आधी बसकडे पाहावे. इंटेलच्या यंत्रांत डिझाइनवेअर आयटूसी आणि एलपीएसएसचे मॉड्यूल (याच बसचे ड्रायव्हर) कर्नलमध्ये नसतील तर सेन्सरचा ड्रायव्हर कितीही चांगला असो, त्याला चिपपर्यंत पोचायला रस्ताच नाही. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांकडून नेमके हेच मॉड्यूल सुटतात.

ज्यांच्या यंत्रात अशा नोंदी सापडत नाहीत त्यांच्यासाठी: अनेक इंटेल यंत्रांत सेन्सर आयएसएच या वेगळ्या हबमागे असतात आणि हिड-सेन्सर-ॲक्सेल-३डी ड्रायव्हरमधून येतात. रायझनच्या यंत्रांत हेच काम एएमडी-एसएफएच करतो; तो कर्नल ५.११ पासून आहे. क्रोमबुकमध्ये क्रॉस-ईसीचे ड्रायव्हर. बॉशच्या चिपसाठी बीएमसी१५०, मेमसिकसाठी एमएक्ससी४००५. खालचा थर वेगळा असला तरी आयआयओच्या वरची सगळी कामे जवळपास सारखीच आहेत, त्यामुळे पुढच्या नोंदी त्यांनाही लागू पडतील.

५ जून: कच्चे आकडे

/सिस/बस/आयआयओ/डिव्हाइसेस मध्ये डिव्हाइस० आणि डिव्हाइस१ अशी दोन उपकरणे. प्रत्येकात इन_ॲक्सेल_एक्स_रॉ, वाय आणि झेड यांच्या तशाच फाइली आणि एक स्केलची फाइल. स्केल ०.००९५८२. कच्चा आकडा गुणिले स्केल म्हणजे मीटर प्रति सेकंद वर्ग. त्यामुळे या चिपला ±२ जीच्या पल्ल्यात १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढे त्वरण) म्हणजे साधारण १०२४.

लॅपटॉप टेबलावर, झाकण ११० अंश उघडे, तेव्हा स्क्रीनच्या सेन्सरचे आकडे असे:

एक्स −९६०, वाय १५, झेड ३५०.

वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ १०२२ येते, म्हणजे चिप धड आहे. ही पडताळणी प्रत्येकाने आधी करावी, कारण दोन मिनिटांत कळते की आपण खऱ्या आकड्यांवर काम करतोय की नाही. हे वर्गमूळ १ जीच्या आसपास येत नसेल तर मॅट्रिक्स (चिपचे अक्ष स्क्रीनच्या अक्षांशी जुळवणारा तक्ता) वगैरे पुढच्या गोष्टींना हात लावण्यात अर्थ नाही. आकडे गोठलेले असतील, तिन्ही शून्य असतील किंवा हलवल्यावरही तेच राहत असतील तर गडबड ड्रायव्हरमध्ये किंवा चिप रीसेट न होण्यात आहे.

स्थिर ठेवूनही शून्याच्या जागी १५, ३०, ४० असे आकडे दिसतात. ४० म्हणजे कोनात दोनेक अंश. चित्र फिरवण्यासाठी त्याची फिकीर नको, कॅलिब्रेशनच्या मागे लागू नये.

एक सावधगिरी. डिव्हाइस० आणि डिव्हाइस१ हे क्रमांक रीबूटनंतर आपसांत बदलू शकतात. जी स्क्रिप्ट क्रमांकावर विसंबून लिहाल ती कधीतरी कीबोर्डच्या सेन्सरला स्क्रीन समजेल. ‘लेबल’ फाइल वाचावी: या ड्रायव्हरमध्ये तिथे ॲक्सेल-डिस्प्ले किंवा ॲक्सेल-बेस असे स्पष्ट लिहिलेले मिळते. लेबल नसलेल्या जुन्या कर्नलवर वरच्या फोल्डरमधली ‘मोडअलियास’ (उपकरणाची ओळख सांगणारी) फाइल पाहून एसीपीआय नावावरून ओळखावे.

६ जून: प्रॉक्सी कोणाचे ऐकते

आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी चालू केली आणि टर्मिनलवर ‘मॉनिटर-सेन्सर’ आज्ञा दिली. ॲक्सेलरोमीटर सापडला असा संदेश आला, पण स्क्रीन सरळ असताना दिशा राइट-अप (उजवी कड वर) दाखवत होती. ही मॅट्रिक्सची बाब, तिच्याकडे नंतर.

आधी एवढे पक्के करायला हवे होते की प्रॉक्सी स्क्रीनचाच सेन्सर वाचते. त्याची चाचणी सोपी: कीबोर्डचा भाग टेबलावर घट्ट धरून फक्त झाकण हलवायचे. मग झाकण धरून फक्त खालचा भाग उचलायचा. दुसऱ्या हालचालीने दिशा बदलत असेल तर चुकीचा सेन्सर पकडला गेला आहे.

उपाय यूडेव्हच्या (उपकरणे ओळखून त्यांना गुणधर्म देणाऱ्या सेवेच्या) हार्डवेअर माहितीकोशात, म्हणजे एचडब्ल्यूडीबीत. बेसच्या सेन्सरला ॲक्सेल_लोकेशन=बेस असा गुणधर्म दिला की प्रॉक्सी त्याला बाजूला ठेवते. स्क्रीनच्या सेन्सरला डिस्प्ले. जोडीच्या सेन्सरवर हे दोन्ही लिहून टाकावे, नशिबावर सोडू नये.

८ जून: माउंट मॅट्रिक्स

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ खाणारी पायरी हीच, आणि ती गणिताने पाच मिनिटांत सुटते. अंदाजाने चिन्हे उलटसुलट करत बसलात तर दुपार निघून जाते आणि शेवटी जे चालते ते का चालते हे कळत नाही.

चिप बोर्डावर कोणत्या दिशेने बसवली आहे ते कर्नलला आपोआप कळत नाही. काही यंत्रांत फर्मवेअरमध्ये आरओटीएम नावाची पद्धत असते आणि ड्रायव्हर ती वाचून मॅट्रिक्स देतो. या यंत्रात ती नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनीही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, दुसऱ्या मॉडेलच्या फर्मवेअरमधून जशीच्या तशी उतरलेली असू शकते. यूडेव्हमधून दिलेली मॅट्रिक्स प्रॉक्सी आधी धरते, कर्नलची नंतर, त्यामुळे चुकीच्या आरओटीएमवर मात करता येते.

मॅट्रिक्समध्ये तीन ओळी. पहिली ओळ सांगते की नवा एक्स कच्च्या एक्स, वाय, झेडपैकी कशातून घ्यायचा. दुसरी नव्या वायचे सांगते, तिसरी नव्या झेडचे. प्रॉक्सीच्या दृष्टीने स्क्रीन सरळ उभी असताना वाय ऋण हवा आणि डावी कड वर केल्यावर एक्स धन हवा.

आता फक्त दोन मोजमापे लागतात.

स्क्रीन सरळ उभी: कच्चा एक्स −१०२० च्या आसपास, बाकी दोन शून्याजवळ. म्हणजे खाली-वरची दिशा कच्च्या एक्समध्ये आहे आणि ती आधीच ऋण आहे. दुसरी ओळ: १, ०, ०.

डावी कड छताकडे: कच्चा वाय −१०१५. म्हणजे आडवी दिशा कच्च्या वायमध्ये आहे, पण धन हवी तिथे ऋण. पहिली ओळ: ०, −१, ०.

उरला झेड. स्क्रीन छताकडे तोंड करून ठेवली तेव्हा कच्चा झेड +१०३०, तो तसाच ठेवला. तिसरी ओळ: ०, ०, १.

पूर्ण मॅट्रिक्स: ०, −१, ०, १, ०, ०, ०, ०, १

हीच मॅट्रिक्स ओळींऐवजी रकान्यांत भरली तर ०, १, ०; −१, ०, ०; ०, ०, १ अशी होते आणि सगळे बरोबर १८० अंशांनी उलटे दिसते: सरळ असताना बॉटम-अप, डावीकडे वळवल्यावर राइट-अप. चारही दिशा एकसारख्या उलट्या येत असतील तर बहुतेक वेळा हेच झालेले असते. वरवर पाहता तो चिन्हांचा घोळ वाटतो, पण पहिल्या दोन ओळी कोणत्या दिशेने भरल्या ते तपासावे.

दुसरी खूण: सरळ आणि उलटे बरोबर, पण डावे-उजवे अदलाबदल. मग फक्त पहिल्या ओळीचे चिन्ह चुकले. डावे-उजवे बरोबर आणि सरळ-उलटे चूक, तर दुसऱ्या ओळीचे. नव्वद अंशांनी सरकलेले, तर पहिल्या दोन ओळींत अक्षच चुकलेत.

तिसऱ्या ओळीचे चिन्ह चुकले तरी चित्र फिरण्यात काहीच फरक दिसत नाही, कारण चार दिशा ठरवण्याच्या हिशोबात झेडचा वर्ग येतो. त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते. म्हणूनच ‘चित्र फिरले, झाले काम’ म्हणून थांबू नये; यंत्र उताणे-पालथे करून झेडही पाहावा.

९ जून: नोंद लिहिली, पण लागू होईना

फाइल: /ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी/६१-सेन्सर-लोकल.एचडब्ल्यूडीबी. क्रमांक ६१, कारण मूळ फाइल ६० ने सुरू होते आणि आपली नंतर वाचली गेली पाहिजे.

नोंदीची रचना: पहिली ओळ जुळणीची. ती सेन्सर:मोडअलियास: ने सुरू होते, मग सेन्सरचा एसीपीआय मोडअलियास, मग :डीएमआय: आणि यंत्राची ओळख. जुळणीची ओळ अगदी पहिल्या अक्षरापासून, आणि खालच्या गुणधर्माच्या ओळीआधी एक स्पेस. ही स्पेस सुटली की ती ओळ गुणधर्म म्हणून वाचलीच जात नाही.

यंत्राची ओळख, म्हणजे निर्मात्याने फर्मवेअरमध्ये भरलेली डीएमआय माहिती, /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मोडअलियास मधून उचलायची. तिथे निर्मात्याचे नाव एसव्हीएन नंतर येते, मॉडेल पीएन नंतर, बोर्ड आरएन नंतर, बायोसची आवृत्ती बीव्हीआर नंतर. नावांतल्या रिकाम्या जागा या मजकुरात गाळलेल्या असतात. डीएमआयच्या वेगळ्या फाइलींतून नाव वाचून स्पेससकट नोंदीत टाकले तर जुळणी कधीच होणार नाही, म्हणून मोडअलियासमधूनच नक्कल करावी.

या यंत्राच्या निर्मात्याने मॉडेलच्या जागी ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असा भरताड मजकूर ठेवला आहे. स्वस्त यंत्रांत हे सर्रास आढळते. अशा मजकुरावर जुळवलेली नोंद स्वतःच्या यंत्रावर चालते, पण माहितीकोशात गेली की त्याच भरताड नावाची भलतीच यंत्रे तिच्यात अडकतात आणि त्यांची स्क्रीन उलटी होते. दुसऱ्याचे यंत्र बिघडवणारी नोंद नसलेली बरी. इथे बोर्डचे नाव आणि बायोसच्या आवृत्तीचा सुरुवातीचा भाग अशा दोन्हींवर जुळणी केली. आवृत्तीचा शेवटचा आकडा गाळून तिथे तारांकन ठेवले, म्हणजे बायोस अद्ययावत झाल्यावरही नोंद टिकेल.

फाइल जतन केल्यावर तीन पायऱ्या, याच क्रमाने:

१. सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट. मजकुराच्या फाइलीतून बायनरी कोश बनतो. ही पायरी विसरली तर बाकी सगळे बरोबर असून काहीच बदलत नाही.

२. यूडेव्हएडीएम ट्रिगर, दोन्ही आयआयओ उपकरणांसाठी.

३. प्रॉक्सी सेवा रीस्टार्ट. ती मॅट्रिक्स उपकरण उघडताना वाचते, मध्येच नाही.

मग यूडेव्हएडीएम इन्फो ने त्या उपकरणाचे गुणधर्म पाहावेत. ॲक्सेल_माउंट_मॅट्रिक्स तिथे दिसत नसेल तर प्रॉक्सीला दोष देऊ नये, जुळणीची ओळ चुकली आहे. दिसत असेल आणि तरी दिशा चूक, तर मॅट्रिक्स चुकली आहे. हा एकच प्रश्न विचारला की शोधाचा अर्धा पसारा कमी होतो.

संध्याकाळपर्यंत मॉनिटर-सेन्सर चारही दिशा बरोबर सांगू लागला.

११ जून: मुका कीबोर्ड

मधूनच कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही एकदम बंद. बाहेरून जोडलेला यूएसबी कीबोर्ड व्यवस्थित चालतो. लॉगमध्ये काही चूक नाही.

कारण एम्बेडेड कंट्रोलरमध्ये, म्हणजे कीबोर्ड वगैरे सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये आहे. विंडोजमध्ये बिजागरीचा कोन पाहणारी एक सेवा दोन्ही सेन्सर वाचते आणि केआयओएक्स०१०एच्या एसीपीआय नोंदीतली डीएसएम ही पद्धत बोलावून कंट्रोलरला कळवते: आता लॅपटॉप, आता टॅब्लेट. टॅब्लेट म्हटले की कंट्रोलर स्वतःच कीबोर्ड आणि टचपॅड तोडतो. लिनक्समध्ये ती सेवा नाही, आणि कंट्रोलर काही वेळा जागा होतानाच स्वतःला टॅब्लेट समजून बसतो. मग त्याला परत आणणारे कोणी नाही.

२०२० च्या अखेरीस केएक्ससीजेके-१०१३ ड्रायव्हरमध्ये यासाठी सोय आली: ड्रायव्हर चिपला जोडला जाताना डीएसएम बोलावून कंट्रोलरला बिनशर्त ‘लॅपटॉप’ असे सांगतो. ॲक्सेलरोमीटरच्या ड्रायव्हरने कीबोर्डची काळजी घ्यावी हे विचित्र दिसते, पण त्या एसीपीआय नोंदीची किल्ली त्याच्याचकडे असते.

म्हणून कळकळीने सांगायचे ते हे: चित्र नको तेव्हा फिरते म्हणून केएक्ससीजेके-१०१३ ब्लॅकलिस्ट करण्याचा, म्हणजे तो लोडच होऊ न देण्याचा सल्ला जिथे तिथे दिला जातो. या यंत्रांवर तो घातक आहे. ड्रायव्हर काढला की कंट्रोलरला लॅपटॉप स्थितीत आणणाराच नाहीसा होतो आणि कीबोर्ड कधी जाईल याचा भरवसा राहत नाही. फिरणे थांबवायचे असेल तर डेस्कटॉपचे दिशा-कुलूप लावा किंवा प्रॉक्सी सेवा बंद ठेवा. ड्रायव्हर राहू द्या.

सस्पेंडमधून (यंत्राच्या झोपेतून) परतताना मात्र ही सोय पुरली नाही, कारण ड्रायव्हर तेव्हा नव्याने जोडला जात नाही. उपाय म्हणजे त्याला मुद्दाम सोडवून पुन्हा जोडणे: /सिस/बस/आयटूसी/ड्रायव्हर्स/केएक्ससीजेके१०१३ मधल्या ‘अनबाइंड’ फाइलीत आयटूसी-केआयओएक्स०१०ए:०० लिहायचे, मग तेच ‘बाइंड’ फाइलीत. कीबोर्ड तत्क्षणी परत आला. हे सिस्टिमडीच्या (सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सिस्टिम-स्लीप फोल्डरमधल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकले. स्क्रिप्टला पहिला शब्द प्री किंवा पोस्ट असा मिळतो. काम फक्त पोस्टला करायचे. नव्याने जोडल्यावर आयआयओ उपकरणही नवे बनते, म्हणून शेवटी प्रॉक्सी रीस्टार्ट. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नये, नाहीतर ती काही न बोलता वगळली जाते.

१३ जून: सेन्सर बरोबर, तरी डेस्कटॉप हलेना

मॉनिटर-सेन्सर अचूक, पण जीनोम ढिम्म. जीनोम चित्र आपोआप फिरवते ते यंत्र ‘स्पर्श’ स्थितीत आहे असे वाटले तरच. टॅब्लेट-स्थितीचा स्विच असेल तर ती त्याचे ऐकते. स्विचच नसेल आणि टचपॅड किंवा माउस जोडलेला असेल, तर हे साधे लॅपटॉप आहे असे धरते. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही मूळ निवड ‘फक्त टॅब्लेट स्थितीत’ अशीच आहे.

बऱ्याच इंटेल यंत्रांत हा स्विच इंटेल-व्हीबीटीएन ड्रायव्हर पुरवतो. लिबइनपुट म्हणजे कीबोर्ड, टचपॅड, स्विच यांचे संदेश डेस्कटॉपला देणारी लायब्ररी; तिची ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ आज्ञा चालवून यंत्र उलटे दुमडावे. टॅब्लेट-मोडची ओळ आली तर स्विच आहे. इथे काहीच आले नाही. जीनोमला स्पर्श स्थितीकडे दुर्लक्ष करायला लावणारे एक्स्टेन्शन मिळते, पण त्याने फक्त चित्र फिरते. दुमडल्यावर मागच्या बाजूला आलेला कीबोर्ड बोटांनी दाबला जातच राहतो. दोन्ही सेन्सर हाताशी असताना स्विच स्वतः बनवणे हाच नीट मार्ग.

१६ जून: कोनावरून टॅब्लेट स्विच

पायथनमध्ये छोटी सेवा. सेकंदाला चार वेळा दोन्ही सेन्सरचे कच्चे आकडे वाचते, बिजागरीचा कोन काढते आणि यूइनपुटमधून (प्रोग्रामला आभासी उपकरण बनवू देणारी कर्नलची सोय) एक आभासी स्विच चालवते. स्विचचा प्रकार ईव्ही_एसडब्ल्यू, कोड एसडब्ल्यू_टॅब्लेट_मोड, म्हणजे १.

कोनासाठी प्रत्येक भागाचे दोनच आकडे लागतात. स्क्रीनसाठी: वरची कड वर असताना धन होणारा आकडा, आणि स्क्रीन छताकडे असताना धन होणारा. इथे ते अनुक्रमे उणे कच्चा एक्स आणि कच्चा झेड. बेससाठी: बिजागरीची कड वर असताना धन होणारा, आणि कळा छताकडे असताना धन होणारा. इथे कच्चा वाय आणि कच्चा झेड. एचडब्ल्यूडीबीतली मॅट्रिक्स इथे वापरू नये: तिच्यातले वायचे चिन्ह प्रॉक्सीच्या सोयीचे आहे, कोनाच्या सूत्रात ते उलटे पडते.

दोन्हींचा एटॅन२ (दोन आकड्यांवरून कोन देणारे फलन) काढून, कोन = १८० − (स्क्रीन − बेस), आणि उत्तर ० ते ३६० मध्ये आणायचे. सुरुवातीच्या आकड्यांवर पडताळा: स्क्रीन एटॅन२(९६०, ३५०) म्हणजे ७० अंश, बेस सपाट म्हणजे ०, कोन ११०. झाकणाला कोनमापक लावून पाहिले तर तेवढाच.

सूत्र सोपे आहे, अडचणी त्याच्या कडांना आहेत.

बिजागरी उभी असताना, म्हणजे लॅपटॉप पुस्तकासारखा कडेवर धरला की, गुरुत्वाकर्षण बिजागरीच्या दिशेने जाते आणि लागणारे दोन्ही आकडे शून्याजवळ येतात. मग कोन गोंगाटातून निघतो आणि स्विच फडफडतो. टॅब्लेट उभा धरून वाचताना नेमके हेच घडते, म्हणून ही अडचण दुर्मीळ नाही. बिजागरीच्या दिशेच्या अक्षावर ०.८ जीपेक्षा जास्त असेल तर आधीची स्थिती कायम ठेवायची, असा नियम घातला.

यंत्र हलत असताना सेन्सर गुरुत्वाकर्षणाबरोबर हाताचा झटकाही मोजतो. एकूण मान १ जीपासून १५ टक्क्यांहून दूर असेल तर तो नमुना टाकून द्यायचा.

० आणि ३६० अंश सेन्सरना सारखेच दिसतात. झाकण मिटलेले आणि पूर्ण उलटे दुमडलेले यांत गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने काही फरक नाही, गोंगाटाने ३५९ चे १ होते. निवाडा झाकणाच्या स्विचकडून घ्यायचा: एसडब्ल्यू_लिड बंद म्हणत असेल तर ०, नाहीतर ३६०.

आणि उंबरठे दोन ठेवायचे. २०० अंशांच्या वर गेले की टॅब्लेट, १६० च्या खाली आले की लॅपटॉप, मध्ये जे होते तेच. सलग तीन नमुने तसे आल्याशिवाय स्विच बदलायचा नाही. १८० वर एकच उंबरठा ठेवून पाहिला तेव्हा लॅपटॉप टेबलावर पूर्ण सपाट उघडला की कीबोर्ड सारखा चालू-बंद होत होता.

स्विच चालू होताच जीनोमने चित्र फिरवले, आणि लिबइनपुटने आतला कीबोर्ड व टचपॅड बंद केले. या यंत्राचा कीबोर्ड पीएस/२ पद्धतीचा आहे, त्याला लिबइनपुट आपोआप ‘आतला’ मानते. ज्यांचा आतला कीबोर्ड यूएसबीवर आहे त्यांचा बंद होणार नाही, त्यांनी /ईटीसी/लिबइनपुट/लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स मध्ये आपल्या कीबोर्डसाठी ॲट्रकीबोर्डइंटिग्रेशन=इंटर्नल लिहावे.

सेवेला एक संरक्षण हवेच: ती बंद पडली तर स्विच टॅब्लेटवर अडकून कीबोर्ड जाऊ नये. यूइनपुटचे उपकरण प्रक्रिया संपली की नाहीसे होते आणि लिबइनपुट कीबोर्ड परत देते. मुद्दाम सेवा मारून हे तपासले, मगच ती बूटला लावली.

२० जून: झोपेनंतर गोठलेले आकडे

सस्पेंडनंतर कधी कधी मॉनिटर-सेन्सर जुनीच दिशा धरून बसायचा, पण रॉ फाइलींतले आकडे जिवंत असायचे. प्रॉक्सी दोन रीतींनी वाचते: ट्रिगर (नव्या आकड्यांचा इशारा) असेल तर बफरमधून (आकडे साठवणाऱ्या जागेतून), नसेल तर ठरावीक वेळाने फाइल वाचून. अडकत होता तो बफर. यूडेव्हचा ८० च्या पुढचा स्थानिक नियम लिहून आयआयओ_सेन्सर_प्रॉक्सी_टाइप फक्त आयआयओ-पोल-ॲक्सेल केला. बॅटरीवर थोडा भार पडतो, पण प्रॉक्सी सेन्सर उघडते ते कोणी मागितला तरच, त्यामुळे तो मान्य.

२४ जून: नोंद मूळ कोशात

मॅट्रिक्सची आणि लोकेशनची नोंद सिस्टिमडीच्या ६०-सेन्सर.एचडब्ल्यूडीबीसाठी पाठवली. तिथे निर्मात्यांच्या नावांप्रमाणे वर्णक्रमाने विभाग आहेत, नोंद आपल्या जागीच घालावी. वर टिप्पणीत मॉडेलचे बाजारातले नाव लिहावे, कारण डीएमआयमधल्या मजकुरावरून यंत्र ओळखू येत नाही. फाइल तपासणारी पायथन स्क्रिप्ट प्रकल्पातच आहे. पाठवण्याआधी ती चालवली की स्वल्पविराम आणि स्पेसच्या चुका तिथेच सापडतात. सोबत डीएमआय मोडअलियास आणि चारही दिशांचे कच्चे आकडे दिले, म्हणजे तपासणाऱ्याला मॅट्रिक्स स्वतः पडताळता येते.

स्थानिक फाइल अजून काढलेली नाही. नोंद असलेली सिस्टिमडीची आवृत्ती वितरणात येईल तेव्हा ६१ ची फाइल हलवून, एचडब्ल्यूडीबी अपडेट करून चारही दिशा पुन्हा तपासायच्या आहेत. बिजागरीची सेवा आणि झोपेनंतरची स्क्रिप्ट या दोन्ही गोष्टी मात्र त्यानंतरही लागतीलच.